फुफाट्याच्या रस्त्यावर कॅरॅव्हॅन : चारशे चौरस सेंटिमीटरचा हिशेब

दक्षिण ऑस्ट्रेलियातला ऊडनाडाटा ट्रॅक मरी गावापासून मार्लापर्यंत साधारण ६२० किलोमीटर जातो. १९८० साली बंद पडलेल्या जुन्या घॅन रेल्वेमार्गाची सोबत करत, विल्यम क्रीक आणि ऊडनाडाटा ही दोन वस्तीची ठिकाणं घेत. रस्ता कच्चा. काही ठिकाणी पन्हळी पत्र्यासारखा लाटालाटांचा, काही ठिकाणी गोट्यांचा, आणि मधूनमधून खड्डेच्या खड्डे बारीक भुकटीने भरलेले. तिथले लोक त्या भुकटीला बुलडस्ट म्हणतात. आपल्याकडे तिला नेमका शब्द आहे : फुफाटा. हाताने उचलायला जावं तर पाण्यासारखा बोटांतून निसटतो, आणि जिथून पाणी जाणार नाही अशा फटीतूनही हवेबरोबर आत शिरतो.

इथे मांडलेलं प्रकरण एका वापरलेल्या १९ फुटी कॅरॅव्हॅनचं, म्हणजे मोटारीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराचं, आहे. दोन आस, चार चाकं, लाकडी सांगाड्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, पुढे आरपार जाणारी सामानाची पेटी, पदपथाकडच्या म्हणजे डाव्या बाजूला मागे दार, गॅस-वीज दोन्हीवर चालणारा फ्रिज. अशा गाड्यांत पुन्हापुन्हा सापडणारे दोष इथे एका गाडीच्या मापांवर एकत्र मांडले आहेत, म्हणजे आकडे जुळवून पाहता येतील.

तक्रार नेहमीचीच. मार्लाला दार उघडलं की गाद्यांवर तांबूस थर, फ्रिजशेजारच्या वरच्या कपाटात ताटल्यांवर बोट फिरवलं तर रेघ उमटावी इतकी धूळ, मोरीखालच्या कप्प्यात छोटे ढीग, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात नसलेलं पीठ तर टाकूनच द्यावं लागतं. मालकांनी आधी दोन उपाय केलेले होते. हाताला लागतील त्या फटींत फुगणारा फोम मारला होता, आणि ‘आत हवा खेळू दे’ म्हणून छताची मागची झडप दोन बोटं उघडी ठेवली होती. त्या दुसऱ्या उपायाने धूळ वाढली.

ती का वाढली हे समजलं की बाकीचं सोपं जातं. चालत्या गाडीच्या पाठीमागे, बाजूंवर आणि छताच्या बऱ्याचशा भागावर हवेचा दाब आजूबाजूच्या हवेपेक्षा कमी असतो. समोरून आदळणाऱ्या वाऱ्याचा दाब ८० किमी वेगाला सुमारे ३०० पास्कल, ६० ला १६७, ४० ला ७४ भरतो; पाठीमागची तूट याच्या काही अंशाने असते, म्हणजे दोन आकडी पास्कल. गाडीच्या आतला दाब ज्या बाजूला भोकं मोठी त्या बाजूच्या दाबाकडे झुकतो. छताची झडप उघडी ठेवली की आतली हवा तिथून ओढली जाते, आतला दाब उतरतो, आणि ती तूट भरायला हवा येते ती खालून, जिथे ओढणाऱ्या गाडीच्या चाकांनी उडवलेला सगळ्यात दाट धुरळा असतो. उघडी झडप म्हणजे बाहेरून लावलेला पंपच.

साफसफाईच्या आधी धुळीचा नकाशा

सगळ्यात जास्त माहिती पहिल्या अर्ध्या तासात मिळते, आणि बहुतेक लोक तीच झाडूने पुसून टाकतात. कपाटं, खण, पलंगाखालचे कप्पे एकेक उघडून फोटो काढावेत. भोकातून आलेली धूळ भोकापाशी दाट आणि पुढे पंख्यासारखी पसरत पातळ होत गेलेली दिसते. पंख्याचं टोक जिकडे, तिकडे वाट. जिथे धूळ सगळीकडे सारखी बसलेली आहे तिथे ती खोलीतल्या हवेतून खाली बसलेली असते. तिथे भोक शोधण्यात वेळ घालवू नये.

या गाडीत फसवं ठिकाण होतं ते वरचं कपाट. शेजारी खिडकी असल्यामुळे संशय खिडकीच्या रबरावर होता आणि ते रबर एकदा बदलूनही झालं होतं. पंख्याचं टोक मात्र कपाटाच्या मागच्या वरच्या कोपऱ्यात निघालं. पलीकडे फ्रिजची पोकळी. तिला बाहेरच्या भिंतीत वर आणि खाली जाळीदार झरोके असतात, त्यातून धुरळा मुक्तपणे आत-बाहेर करतो. आणि त्या पोकळीची खोलीकडची बाजू कारखान्यातून येतानाच नीट बंद केलेली नव्हती.

दुसरी फसगत भिंतीच्या पोकळीची. मागच्या दिव्यांच्या तारांची भोकं पत्र्यात पाडून तशीच सोडलेली असतात. तिथून शिरलेली धूळ पत्रा आणि आतली फळी यांच्या मधून फिरते आणि दोन मीटर दूर, एखाद्या स्विचच्या चौकटीतून बाहेर पडते. अशा वेळी स्विचभोवती पुट्टी भरून काही उपयोग नाही. धूळ पुढच्या स्विचमधून येते.

नकाशा झाला की तीन चाचण्या. रात्री आत प्रखर दिवा लावून गाडीखाली आडवं होऊन पाहायचं : चाकांच्या कमानी, नळ्यांची भोकं, पेटीचे सांधे उजळून दिसतात. गाडी जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही. चारी चाकं जमिनीवर आणि चाकांना अडण हवी. मग दाराच्या चौकटीत दर २० सेंमीवर कागदाची पट्टी ठेवून दार लावायचं. पट्टी सहज ओढली गेली तर तिथे रबर टेकत नाही. शेवटी छताच्या झडपेतून पानं उडवायच्या ब्लोअरने हवा आत भरायची आणि बाहेरून साबणाचं पाणी फवारायचं. आतून त्याच वेळी उदबत्ती घेऊन कोपऱ्याकोपऱ्यांत फिरलं की धुराची रेघ फटीकडे वळते. त्याआधी गॅसची टाकी बंद आणि फ्रिजची ज्योत विझलेली असल्याची खात्री हवी.

भोकांची बेरीज

या कामात आमचा आग्रह एकच आहे : फटी मोजा, चौरस सेंटिमीटरमध्ये. ‘बऱ्याच फटी आहेत’ या वाक्यावरून कुठून सुरुवात करायची ते कळत नाही.

फ्रिजच्या पोकळीच्या माथ्यावर ६० सेंमी लांब आणि १२ मिमी रुंद पट्टी उघडी होती : ७२ चौ. सेंमी. फ्रिजच्या दोन्ही बाजूंना १२० सेंमी उंचीची ३ मिमीची फट : आणखी ७२. एकट्या फ्रिजचे १४४ झाले. पुढच्या पेटीच्या दोन दारांचं रबर कडक होऊन साधारण मिलिमीटरभर उघडं राहत होतं, दर दाराचा परीघ २.२ मीटर, म्हणून ४४. चाकांच्या दोन लांब कमानी जमिनीला जिथे मिळतात तिथलं जुनं सीलंट निम्म्या लांबीवर आकसलं होतं, ३६. सांडपाण्याच्या तीन नळ्या ४० मिमी जाडीच्या आणि भोकं ५४ मिमीची, ३१. पाण्याच्या चार नळ्यांभोवती १५, तारांच्या दोन भोकांत १२, मागच्या चार दिव्यांपाशी १२. दाराच्या बिजागरीकडे १.६ मीटर लांबीवर दीड मिमी, म्हणजे २४. आणि कोणाच्या ध्यानात न येणाऱ्या जागा : मोरी, बेसिन, न्हाणी यांची उघडी तोंडं. पुष्कळ कॅरॅव्हॅनमध्ये पाणी अडून राहणारा वाकडा नळ नसतो, त्यामुळे ती सरळ रस्त्यावर उघडतात. तीन मिळून ३०.

बेरीज ३४८. खिडक्यांच्या पाणी जायच्या खाचा, झडपांच्या कडा, न मोजता येणारे बारीक सांधे यांचे ५० धरले तर सुमारे ४०० चौ. सेंमी, वहीच्या मोठ्या पानाच्या दोन तृतीयांशाएवढं भोक. त्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग फ्रिजमागे. जिथे फोम मारला होता ती भोकं या यादीत जेमतेम ५० चौ. सेंमीची होती.

दाब किती लागतो

आत दाब भरून धूळ बाहेर ठेवायची ही कल्पना बरोबर आहे, पण लोक ती आधी करतात आणि मग पंखा कमजोर म्हणून दोष देतात. हिशेब असा. १० पास्कल दाबाला एक चौ. सेंमी फटीतून तासाला सुमारे ०.९ घनमीटर हवा निघून जाते. ४०० चौ. सेंमीच्या गाडीत १० पास्कल टिकवायला तासाला साडेतीनशे घनमीटर गाळलेली हवा हवी, फटी बुजवून ८० चौ. सेंमीवर आणलेल्या गाडीत सत्तर. उलट बाजूने पाहा. तासाला १२० घनमीटर देणारा तोच पंखा पहिल्या गाडीत जेमतेम सव्वा पास्कल देतो आणि दुसऱ्या गाडीत २९. फटी पाच पटींनी घटवल्या की दाब पंचवीस पटींनी वाढतो.

म्हणून क्रम ठरलेला : आधी फटी, मग पंखा.

फटी बंद करताना

फ्रिजपासून सुरुवात केली. पोकळीच्या माथ्याला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा वाकवून बसवला, कडांना बंद पेशींची (हवा आरपार न जाऊ देणारी) फोमपट्टी आणि वरून फॉइल टेप. ज्योतीचा धूर जिथून वर जातो त्या भागात फोम, लाकूड किंवा साधा टेप अजिबात नको. बाजूच्या फटींत फ्रिजच्या चौकटीभोवती तीच पट्टी दाबून बसवली. बाहेरचे झरोके मात्र उघडेच ठेवायचे. फ्रिजला थंड व्हायला ती हवा लागते. हे काम धुळीच्याही आधी जिवासाठी करायचं असतं. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजच्या ज्वलनाचा वायू खोलीत यायला नको, म्हणून पोकळी राहत्या जागेपासून बंदच असायला हवी. गॅसच्या नळीला हात लागणार असेल तिथे परवानाधारक गॅसफिटर, आणि आत कार्बन मोनॉक्साइडची घंटा.

जमिनीतल्या नळ्यांना पॉलियुरेथेन सीलंट. आधीचा फोम कापून काढावा लागला. फुगणारा फोम खडखडाटाने चिरतो, चिरल्यावर पाणी शोषतो, आणि जमिनीच्या फळीला ओल धरून ठेवतो. सिलिकोनही काढलं, कारण जुन्या सिलिकोनवर काहीच नीट चिकटत नाही. ७ मिमीच्या मोकळ्या कड्यात नुसतं सीलंट भरलं तर ते खाली ओघळतं. आधी फोमची गोल दोरी दाबून बसवायची आणि वर ६ ते ८ मिमीचा थर द्यायचा. पृष्ठभाग ब्रशने झाडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा. ओल्या फडक्याने पुसलं तर फुफाट्याचा चिखल होतो आणि सीलंट त्या चिखलाला चिकटतं. ३१० मिलिलिटरची एक नळकांडी ६ मिमी जाडीची सुमारे ११ मीटर रेघ देते; या गाडीला चार पुरली. सीलंट दिवसाला जेमतेम तीनेक मिमी खोल वाळतं, थंडीत त्याहून कमी. निघायच्या आदल्या संध्याकाळी भरलेली जाड रेघ पहिल्याच पन्हळीवर उकलते. निदान चार दिवस ठेवावेत.

चाकांच्या कमानीला आतून, कपाटाच्या तळाशी, रेघ भरली. बाहेरून भरलेली रेघ गोटे खरवडून काढतात.

दाराचं रबर निवडताना जाड ते चांगलं असं नसतं. ८ मिमी फटीला १२ मिमीचं पोकळ रबर, म्हणजे एक तृतीयांश दबेल असं. १६ मिमीचं घातलं तर दार खालच्या कोपऱ्यात वाकतं, कुलपावर ताण येतो आणि पन्हळीवर ते आपोआप उघडतं. कागदपट्टीची चाचणी दोनदा करावी : सपाट जागी, आणि एका बाजूची चाकं १० सेंमीच्या फळीवर चढवून. वाकड्या जमिनीवर चौकट किती पिळते ते दुसऱ्या वेळी दिसतं.

मोरीच्या तोंडांना साधी रबरी बुचं. सांडपाण्याच्या नळीला बाहेरून टोपी लावायची पद्धतही आहे, पण मुक्कामी टोपी काढायची राहिली की मोरीचं पाणी न्हाणीत वर येतं. आतली बुचं बरी.

आता दाराच्या तळाचे झरोके. ऑस्ट्रेलियात गॅस असलेल्या कॅरॅव्हॅनला खाली आणि वर कायमचे झरोके ठेवणं नियमाने बंधनकारक आहे, आणि ते कायमचे बुजवणं हे या सगळ्या कामातलं सगळ्यात घातक पाऊल ठरेल. चालत्या गाडीपुरतं झाकण करायचं : ३ मिमी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा, मागे फोमपट्टी, चार पंखस्क्रू. झाकण चढवलं की लाल पट्टी गॅसच्या टाकीच्या चावीला बांधायची आणि झाकण काढल्याशिवाय पट्टी सोडायची नाही. नुसत्या लक्षात ठेवण्यावर हे सोडू नये. दिवसभर गाडी चालवून थकलेला माणूस चहासाठी शेगडी लावताना झरोका विसरतो. गॅसच्या टाक्यांच्या पेटीचा तळाचा झरोका तर कधीच झाकायचा नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती तिथूनच बाहेर जाते.

पंखा

छतावर पुढे तोंड करून बसवलेली फिल्टरची झडप बाजारात मिळते, विजेशिवाय चालते, आणि बऱ्या रस्त्यावर काम देते. तिची मर्यादा वेगाची आहे. ८० ला मिळणारे ३०० पास्कल ३० किमी वेगाला ४२ वर येतात, त्यातून फिल्टरचा अडथळा वजा होतो. पाठीमागून वारा असला तर आणखी घट. आणि फुफाट्याच्या खड्ड्यात, ओढ्याच्या उतारावर गाडी सावकाशच चालते. सगळ्यात जास्त धूळ असते तेव्हा ही झडप सगळ्यात कमी हवा देते. म्हणून इथे विजेचा पंखा निवडला : बोटीत वापरतात तो १२ व्होल्टचा ४ इंची ब्लोअर.

हवा घ्यायची ती गाडीच्या पुढच्या भिंतीच्या अगदी वरच्या काठापाशी, कारण ओढणाऱ्या गाडीचा धुरळा खालून बाजूंनी पसरतो. गाळणी दोन टप्प्यांची : आधी तेल लावलेला, धुता येणारा फोम, मग मोटारीच्या इंजिनाचा घडीचा कागदी फिल्टर. दोन लिटरचं इंजिन २,५०० फेऱ्यांना तासाला सुमारे १५० घनमीटर हवा ओढतं, तेव्हा तशा गाडीचा फिल्टर इथे मापाने बरोबर बसतो, आणि तो कुठल्याही गॅरेजमध्ये मिळतो.

ब्लोअरच्या खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. फिल्टर आणि नळीची वळणं लागल्यावर किती उरतं ते पिशवीने मोजावं : २४० लिटरची कचऱ्याची पिशवी नळीच्या तोंडाला धरली आणि ती सात सेकंदांत फुगली तर तासाला सुमारे १२० घनमीटर. वीज साडेचार अँपियरच्या आसपास. सहा तासांच्या प्रवासाला २७ अँपियर-तास, जे ओढणाऱ्या गाडीकडून अँडरसन प्लग या जाड विजेच्या जोडणीवरून येणाऱ्या चार्जिंगमध्ये सहज बसतं.

पहिल्या जोडणीत दोन गोष्टी चुकल्या. हवा खोलीत भरत होती, पण पलंगाखालचे आणि वरचे कप्पे बंद खोल्यांसारखे वेगळे राहिले. त्यांच्यात दाब पोचलाच नाही. प्रत्येक कप्प्याच्या आतल्या फळीला २५ मिमीची दोन भोकं पाडल्यावर तो पोचला. दुसरी चूक पुढच्या पेटीबद्दलची अपेक्षा. पेटी गाडीच्या नाकावर असते, वारा तिच्यावर थेट दाबतो, तिथे २९ पास्कलचा पंखा हरतो. तिथे दारांचं रबर बदलणं आणि पेटी व खोली यांच्यामधली फळी बंद करणं एवढाच मार्ग आहे.

दाब मोजायला पारदर्शक नळी पुरते. एक मिमी पाणी म्हणजे जवळजवळ १० पास्कल. ३ मिमीचा फरक उभ्या नळीत दिसत नाही, म्हणून नळी दहास एक अशा उताराने फळीवर ठोकायची, रंगीत पाणी भरायचं, एक टोक खिडकीतून बाहेर. मग ३ मिमीचे ३० मिमी दिसतात. गाडी उभी, पंखा चालू, सगळी झाकणं लावलेली : दुरुस्तीआधी पाणी हललंच नव्हतं, नंतर ३० मिमी सरकलं. निघताना दर सकाळी हा आकडा पाहायचा. तो १५ च्या खाली आला तर फिल्टर तुंबला किंवा एखादी रेघ उकलली. आधी फोम झटकून पाहावा. धुतलेला फोम पुरता वाळल्याशिवाय लावू नये, ओल्या फोममध्ये फुफाट्याचा लगदा होतो.

चालवताना

डांबरी रस्त्यावर ४५ पीएसआय असलेले टायर इथे ३० च्या आसपास आणि वेग ६० ते ७०. टायर नरम ठेवण्याचा धुळीशी थेट संबंध आहे. खडखडाट कमी झाला की सांधे उघडत नाहीत. समोरून रोड ट्रेन, म्हणजे अनेक ट्रेलर ओढणारा लांबलचक ट्रक, आली तर डावीकडे घेऊन थांबावं आणि धुरळा खाली बसेपर्यंत निघू नये. पंखा निघायच्या आधी सुरू करायचा. थांबल्यावर पाच मिनिटं चालू ठेवायचा आणि तोवर दार उघडायचं नाही, कारण गाडी थांबली की तिचाच धुरळा मागून येऊन तिला गाठतो. दार उघडलं तर या पाच मिनिटांत आत येणारी धूळ दिवसभराच्या धुळीपेक्षा जास्त असू शकते.

पडताळणीसाठी दहा पांढऱ्या बशा ठरलेल्या जागी ठेवाव्यात आणि दर मुक्कामाला ओल्या पांढऱ्या कागदाने पुसून कागद तारखेसह जपावेत. या गाडीत दुरुस्तीनंतर गादी, वरचं कपाट आणि मोरीखालच्या बशांचे कागद जवळजवळ कोरे येतात. मळतात ते दोन : पुढच्या पेटीतला आणि मागच्या दिव्यांजवळच्या कप्प्यातला. दिव्यांचे बूड काढून त्यामागे ब्यूटिल टेपची (चिकट रबरी पट्टीची) गादी घालायचं काम उरलं आहे, चार दिव्यांना तासाभराचं. पिठाचा डबा तोवर फ्रिजशेजारच्या वरच्या कपाटात ठेवावा; आधी सगळ्यात मळकी असलेली ती जागा आता सगळ्यात स्वच्छ आहे.